इराणी सौर कालगणना : सूर्य ठरवेल तो वर्षारंभ

(खगोलशास्त्राच्या इतिहासावरील व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आज आपण इराणच्या कालगणनेबद्दल बोलणार आहोत. सुरुवात एका लहानशा हिशेबाने करू. २०२५ साली २० मार्चला सूर्य वसंतसंपात बिंदूवर आला, तेव्हा तेहरानच्या घड्याळात दुपारचे १२ वाजून ३१ मिनिटं झाली होती. आपल्याकडे अडीच वाजून गेले होते. आता इराणचा नियम असा आहे, की संपात दुपारी बाराच्या आत झाला तर तोच दिवस नव्या वर्षाचा पहिला दिवस. बारानंतर झाला तर दुसरा दिवस. इथे ३१ मिनिटं उशीर झाला. म्हणून त्यांचं १४०४ हे वर्ष २० ऐवजी २१ मार्चला सुरू झालं, आणि आधीचं १४०३ हे वर्ष एका दिवसाने वाढून ३६६ दिवसांचं झालं.

आपण रोज वापरतो त्या इंग्रजी कॅलेंडरमध्ये लीप वर्ष कसं ओळखायचं ते शाळेत शिकवतात. चारने भाग जातो का बघा, शतकाचं वर्ष असेल तर ४०० ने भाग जातो का बघा. झालं. सूर्याकडे बघायची गरज नाही. इराणच्या कॅलेंडरमध्ये हा भागाकार नाही. तिथे विचारायचं एवढंच, की सूर्य नेमका केव्हा विषुववृत्त ओलांडतो? तो क्षण आधी गणिताने काढतात, त्यावरून वर्ष ठरतं. आज जगात सरकारी कामकाजासाठी वापरात असलेल्या कालगणनांमध्ये अशी थेट आकाशावर टांगलेली गणना विरळाच.

ही पद्धत कुठून आली, तिच्या मागचं खगोलशास्त्र काय आणि तिच्यासाठी इतका खटाटोप का केला गेला, हे आज पाहू. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आकाशात कमी आणि शेतात जास्त सापडतं, हे आधीच सांगून ठेवतो.

वर्ष म्हणजे नेमकं किती?

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्या फेरीला वर्ष म्हणायचं, हे आपल्याला माहीत आहे. पण फेरी पूर्ण झाली हे कशावरून ठरवायचं? दोन मार्ग आहेत. एक, सूर्य पुन्हा त्याच ताऱ्यापाशी आला की वर्ष झालं. हे नाक्षत्र किंवा निरयन वर्ष. दुसरा, सूर्य पुन्हा वसंतसंपातावर आला, म्हणजे ऋतू पुन्हा तिथेच आला, की वर्ष झालं. हे सायन वर्ष. या दोहोंत सुमारे वीस मिनिटांचा फरक आहे, कारण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो आणि संपातबिंदू मागे सरकत जातो.

वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण साधारण ७१-७२ वर्षांत त्याचा एक दिवस होतो. आपली मकरसंक्रांत बघा. उत्तरायण खरं म्हणजे २१-२२ डिसेंबरला सुरू होतं आणि संक्रांत आपण १४-१५ जानेवारीला करतो. आपलं पंचांग निरयन आहे, त्याने ताऱ्यांशी इमान राखलं आणि ऋतूशी थोडी फारकत घेतली. इराणी गणना सायन आहे. तिने ऋतूशी इमान राखलं. वर्षाचा पहिला दिवस हा वसंताचा पहिला दिवस असलाच पाहिजे, ही तिची एकच अट.

सायन वर्षाची सरासरी लांबी आहे ३६५.२४२२ दिवस. पण गंमत अशी की पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे ही लांबी कोणत्या बिंदूपासून मोजता त्यावर थोडी बदलते. वसंतसंपातापासून पुढच्या वसंतसंपातापर्यंत मोजली तर आजच्या काळात ती ३६५.२४२४ दिवस येते. चौथ्या दशांशातला हा फरक लक्षात ठेवा. पुढे त्याने एक घोटाळा करून ठेवलेला आपल्याला दिसणार आहे.

संपात पाहायचा कसा?

दुर्बीण नाही, घड्याळ नाही, अशा काळात लोक संपात कसा पकडत असतील? तत्त्व अगदी सोपं आहे. रोज बरोबर मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून किती उंच आहे ते मोजायचं. या उंचीला उन्नतांश म्हणतात. संपाताच्या दिवशी मध्यान्हीचा उन्नतांश म्हणजे ९० वजा त्या गावाचा अक्षांश. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, म्हणून पुण्यात तो साडेएकाहत्तर अंश. इस्फहानचा अक्षांश साधारण ३२ अंश ४० मिनिटं, म्हणजे तिथे तो ५७ अंशांच्या थोडा वर.

आता एक महत्त्वाची गोष्ट. डिसेंबरच्या किंवा जूनच्या अयनदिनाच्या आसपास सूर्याची ही उंची दिवसागणिक जवळजवळ बदलतच नाही. तो तिथे थबकल्यासारखा दिसतो. त्यामुळे अयनदिन नेमका कोणता हे नुसत्या मोजमापाने ठरवणं अवघड. उलट संपाताच्या वेळी ही उंची सगळ्यात वेगाने बदलते, दिवसाला सुमारे ०.४ अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या बिंबाच्या रुंदीपेक्षा थोडीच कमी. भिंतीवर बसवलेलं मोठं कोनमापक यंत्र असेल तर हा फरक स्वच्छ दिसतो. आज मध्यान्ही सूर्य त्या रेषेच्या जरा खाली होता, उद्या जरा वर आहे, म्हणजे मधल्या चोवीस तासांत त्याने रेषा ओलांडली. किती खाली, किती वर, यावरून साध्या त्रैराशिकाने ओलांडण्याची वेळही काढता येते.

आणि आता दुपारी बाराचा तो नियम पुन्हा आठवा. संपात बाराच्या आत झाला तर तोच दिवस, नाहीतर दुसरा. याचा अर्थ काय? ज्या दिवशी मध्यान्ही सूर्य पहिल्यांदा रेषेच्या वर दिसतो, तो वर्षाचा पहिला दिवस. मध्यान्हीच मोजमाप करणाऱ्या माणसासाठी याहून सरळ नियम असू शकत नाही.

३६५ दिवसांचं जुनं वर्ष

इतिहासाकडे वळू. दारियुस राजाच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात, म्हणजे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीला, प्राचीन इराणी महिन्यांची नावं येतात. ती गणना बाबिलोनी पद्धतीची, चांद्र-सौर होती. महिने चंद्राचे, आणि ऋतूशी मेळ घालायला अधूनमधून अधिक महिना. आपल्याला ओळखीचीच पद्धत.

पुढे जरथुश्त्री परंपरेत वेगळी गणना रुजली. तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच जादा दिवस, एकूण ३६५. फर्वर्दीन, अर्दीबेहेश्त, खोर्दाद, तीर अशी महिन्यांची नावं याच परंपरेतली, ती आजही चालू आहेत. महिन्यातल्या प्रत्येक दिवसालाही स्वतंत्र नाव असे. दिवसाचं आणि महिन्याचं नाव एक झालं की सण. मेहर महिन्यातल्या मेहर दिवशी मेहरगान, तीर महिन्यातल्या तीर दिवशी तीरगान.

पण यात मोठी अडचण होती. खरं वर्ष ३६५ दिवसांपेक्षा जवळजवळ पाव दिवसाने मोठं. लीप दिवस नाही. त्यामुळे दर चार वर्षांनी वर्षारंभ एक दिवस मागे सरकायचा. शेवटचा सासानी सम्राट यज्दगर्द तिसरा इसवी सन ६३२ मध्ये गादीवर आला, तेव्हा वर्षाचा पहिला दिवस १६ जूनला पडत होता. नवरोज, आणि तो जूनमध्ये! इथून पुढे तो मागे मागे येत राहिला. ८६० च्या सुमारास तो एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आला होता.

पीक हिरवं, आणि वसुली सुरू

तर काय बिघडलं, असं कुणी विचारेल. सण थोडा अलीकडे आला. पण नवरोज हा नुसता सण नव्हता, जमीन महसूल वसुलीचं वर्ष तिथून मोजलं जायचं.

अरब राजवट आल्यावर धर्मकार्यासाठी चांद्र हिजरी गणना आली. ती ३५४ दिवसांची, म्हणजे सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. साधारण ३२ सौर वर्षांत ३३ चांद्र वर्षं होतात. शेतसारा चांद्र वर्षावर घेतला तर शेतकऱ्याने ३२ पिकं काढायची आणि ३३ वेळा सारा भरायचा! म्हणून महसुलासाठी राज्यकर्त्यांनी जुनी इराणी सौर गणनाच धरून ठेवली. पण ती गणनाही मागे सरकत होतीच.

अल-बिरूनीने इसवी सन १००० च्या सुमारास कालगणनांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने एक गोष्ट नोंदवली आहे. अब्बासी खलिफा अल-मुतवक्किल शिकारीच्या रानात फिरत असताना त्याला उभं पीक दिसलं, अजून हिरवं, न पिकलेलं. आणि त्याच वेळी सारा वसूल करण्याची परवानगी अधिकारी मागत होते. पीक तयार नसताना लोक सारा भरतात कुठून, असं त्याने विचारलं. उत्तर मिळालं, की लोक कर्ज काढतात, आगाऊ सौदे करतात, काही तर गाव सोडून जातात.

म्हणजे कॅलेंडरमधला पाव दिवसाचा दोष दोनशे वर्षं साचत गेला आणि कुणाच्या तरी डोक्यावर कर्ज होऊन बसला. मुतवक्किलने सुधारणेचा हुकूम दिला, पण ८६१ मध्ये त्याची हत्या झाली आणि ते काम राहिलं. अखेर ८९५ मध्ये खलिफा अल-मुतदिदने वसुलीचा नवरोज साठ दिवसांनी पुढे ढकलून ११ जूनला बांधून टाकला.

इथे महाराष्ट्राचा एक खरा धागा आहे. मुसलमानी राजवटींत आपल्याकडेही हीच अडचण होती आणि तोडगाही तसाच निघाला. ऐतिहासिक मराठी पत्रांत दिसणारा सुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदलायचा, म्हणजे पेरणीच्या तोंडावर. फसली सन तर नावातच फसल घेऊन आला. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथे फसली वर्षाला चक्क इराणी महिने होते. आजूर, दै, बहमन, इस्फंदार वगैरे. ऑक्टोबरमध्ये आजूर महिन्याने वर्ष सुरू व्हायचं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी निजामाच्या काळातला जमिनीचा कागद असेल तर त्यावर ही नावं सापडतील. तिथल्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३५० फसली म्हणजे १९४०-४१.

मलिकशहा, इस्फहान आणि उमर खय्याम

मुतदिदने वसुलीपुरता मार्ग काढला, पण इराणमधल्या लोकांचा ३६५ दिवसांचा नवरोज सरकतच राहिला. अकराव्या शतकात सेल्जुक सुलतान मलिकशहा आणि त्याचा वजीर निजाम-उल-मुल्क यांनी हे मुळापासून दुरुस्त करायचं ठरवलं. १०७४ मध्ये इस्फहानच्या वेधशाळेचं काम हाती घेतलं गेलं आणि खगोलज्ञांचा एक गट जमवला गेला. त्यात निशापूरचा सव्वीस वर्षांचा गणिती उमर खय्याम होता.

होय, तोच रुबाया लिहिणारा खय्याम. आज जग त्याला कवी म्हणून ओळखतं. त्याच्या काळात त्याचं नाव होतं ते गणितात, त्रिघाती समीकरणं भूमितीने सोडवणारा म्हणून.

या गटाने काय केलं? १०७९ मध्ये जुन्या गणनेचा नवरोज आला होता २५ फेब्रुवारीला. तारखा त्या काळच्या ज्युलियन पद्धतीच्या आहेत. खरा वसंतसंपात होता १५ मार्चला. फरक अठरा दिवसांचा. त्यांनी ठरवलं, की या वर्षीचा १९ फर्वर्दीन हाच १ फर्वर्दीन धरायचा. अठरा दिवस जादा धरून वर्ष जागेवर आणलं आणि इथून पुढे वर्षाचा पहिला दिवस संपातालाच बांधला. ही जलाली गणना. मलिकशहाच्या जलाल-उद्-दौला या किताबावरून ते नाव पडलं.

युरोपात ग्रेगरी पोपने कॅलेंडरमधून दहा दिवस गाळले ते १५८२ मध्ये. म्हणजे इस्फहानचं काम त्याच्या पाचशे वर्षं आधीचं.

वेधशाळेचं पुढे काय झालं? शनीला सूर्याभोवती एक फेरी घालायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. ग्रहांची कोष्टकं चांगली करायची तर तेवढी वर्षं वेध घ्यायला हवेत. पण १०९२ मध्ये निजाम-उल-मुल्कचा खून झाला, त्याच वर्षी मलिकशहाही गेला, आणि वेधशाळा बंद पडली. अठरा वर्षांत खेळ आटोपला. कॅलेंडर मात्र टिकलं.

तेहतीस वर्षांत आठ

आता थोडं गणित, घाबरू नका. वर्ष ३६५.२४२४ दिवसांचं, म्हणजे दर वर्षी संपात आधीच्या वर्षापेक्षा सुमारे ५ तास ४९ मिनिटं उशिरा येतो. चार वर्षांत २३ तास १६ मिनिटं साचतात. एक दिवस जादा घातला की संपात मूळच्या वेळेपेक्षा पाऊण तास अलीकडे येतो. असं दर चार वर्षांनी होत होत कधीतरी तो दुपारी बाराची रेष अलीकडून चुकवतो, आणि मग लीप वर्षासाठी पाचवं वर्ष थांबावं लागतं.

उदाहरण सुरुवातीच्याच वर्षांचं घेऊ. २०२५ ला संपात १२ वाजून ३१ मिनिटांनी, म्हणून १४०३ लीप. पुढचं लीप चार वर्षांनी, १४०७ हवं. पण २०२९ ला संपात साडेअकराच्या सुमारास येतोय, बाराच्या आत. म्हणून १४०७ साधंच वर्ष राहील आणि लीप असेल १४०८. मागे असंच १३७० नंतर १३७५ ला झालं होतं. १३७५ नंतर १३७९, १३८३, १३८७, १३९१, १३९५, १३९९, १४०३ ही सगळी चार-चार वर्षांनी, आणि मग पाच वर्षांनी १४०८. मोजा: तेहतीस वर्षांत आठ लीप. आठ भागिले तेहतीस म्हणजे ०.२४२४. वसंतसंपाताच्या वर्षाशी हे किती जुळतं बघा.

हे ३३ वर्षांचं चक्र खय्यामने घालून दिलं असं पुष्कळदा वाचायला मिळतं. खय्यामच्या हातचा, असा नियम सांगणारा ग्रंथ आज उपलब्ध नाही. जलाली गणनेत संपात हाच नियम होता, चक्र त्याच्या मागोमाग आपोआप उमटतं. आणखी एक दंतकथा म्हणजे खय्यामने वर्षाची लांबी अकरा दशांश स्थळांपर्यंत मोजली होती. दिवसाचं अकरावं दशांश स्थळ म्हणजे एका मायक्रोसेकंदापेक्षाही कमी. वर्षाची लांबीच मुळी शतकाला अर्ध्या सेकंदाच्या आसपास बदलते. तेव्हा असा आकडा कुणाच्याही यंत्रातून येऊ शकत नाही. खय्यामचा मोठेपणा सिद्ध करायला त्याची गरजही नाही.

आता तो चौथ्या दशांशाचा घोटाळा. विसाव्या शतकात इराणमध्ये अहमद बिरश्क यांच्यासारख्या अभ्यासकांनी २८२० वर्षांत ६८३ लीप वर्षांचं एक मोठं चक्र मांडलं. भागाकार येतो ०.२४२२. सरासरी सायन वर्षाशी तंतोतंत जुळणारा. दिसायला उत्तम! पण इराणी वर्ष सरासरी संपातावर चालत नाही, वसंतसंपातावर चालतं, आणि ते ०.२४२४ चं. याचा परिणाम असा, की या चक्राने मोजलं तर २०२५ चा नवरोज २० मार्चला येतो. सूर्याने तो २१ ला नेला. त्या ३१ मिनिटांनी २८२० वर्षांचं चक्र पहिल्या परीक्षेतच नापास झालं.

एकतीस, तीस, एकोणतीस

आजच्या इराणी वर्षात पहिले सहा महिने ३१ दिवसांचे, पुढचे पाच ३० चे, आणि शेवटचा इस्फंद २९ चा, लीप वर्षी ३० चा. किती सुटसुटीत! सप्टेंबरला तीस, एप्रिलला तीस असं घोकायची किंवा मुठीच्या उंचवट्यांवर मोजायची गरज नाही.

पण पहिलेच सहा मोठे का? पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत दूर असते, तेव्हा ती कक्षेत सर्वांत हळू चालते. जानेवारीत जवळ असते, तेव्हा जोरात. म्हणून वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंत सुमारे १८६.४ दिवस लागतात आणि तिथून परत वसंतसंपातापर्यंत १७८.८. सहा एकतीस म्हणजे १८६. उरले १७९. हिशेब चोख बसला. परिणामी मेहर महिन्याची १ तारीख शरदसंपातापाशी येते, दै महिन्याची १ तारीख हिवाळ्याच्या अयनदिनापाशी. वर्षातल्या सर्वांत लांब रात्री इराणी लोक यल्दा साजरी करतात, ती नेमकी दैच्या आदल्या रात्री.

आपल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेतही हेच तत्त्व आहे. मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून ती १९५७ मध्ये सुरू झाली. तिचा चैत्र २२ मार्चला सुरू होतो, लीप वर्षी २१ ला, आणि वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आहेत. कारण तेच, सूर्य त्या राशींत रेंगाळतो.

कॅलेंडर आणि सत्ता

ही आजची रचना फार जुनी नाही. १९११ मध्ये इराणच्या संसदेने सरकारी कामासाठी राशींच्या नावांचे सौर महिने स्वीकारले. ३१ मार्च १९२५ च्या कायद्याने फर्वर्दीन, अर्दीबेहेश्त ही जुनी नावं परत आली आणि दिवसांची आजची वाटणी ठरली. वर्ष मोजायचं मात्र हिजरतीपासून, ६२२ पासून, पण सौर वर्षांनी. म्हणून २०२५ च्या मार्चमध्ये सौर हिजरी १४०४ लागलं, त्याच वेळी चांद्र हिजरी १४४६ चालू होतं. आरंभ एकच, पण चांद्र वर्ष लहान असल्याने बेचाळीस वर्षांचं अंतर पडलं.

अफगाणिस्तानात राशींची अरबी नावं राहिली. एप्रिल १९७८ मधल्या सत्तापालटाला ‘सौर क्रांती’ म्हणतात, त्यातला ‘सौर’ म्हणजे आपला सूर्याचा सौर नव्हे. तो अरबी शब्द, अर्थ बैल, म्हणजेच वृषभ महिना.

१९७६ मध्ये शहा मोहम्मद रझा पहलवीने वर्षांची मोजणी हिजरतीऐवजी सायरसच्या राज्यारोहणापासून सुरू केली. लोक १३५५ उजाडण्याची वाट पाहत होते, उजाडलं २५३५! सूर्य तोच, महिने तेच, फक्त आकडा बदलला. पण त्या आकड्यातून राजा सांगत होता, की या देशाचा आरंभ इस्लाममध्ये नाही, माझ्या सिंहासनात आहे. लोकांना ते खुपलं. १९७८ च्या ऑगस्टमध्ये, आंदोलन पेटलेलं असताना, सरकारला हा बदल मागे घ्यावा लागला. पुढच्या काही महिन्यांत शहाही गेला.

खलिफाचा सारा असो की शहाचा शक, वर्ष केव्हा सुरू होतं हे ठरवणं म्हणजे लोकांच्या पैशाला आणि स्मृतीला हात घालणं. इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : मग आपल्या पारशी लोकांचं नवं वर्ष ऑगस्टमध्ये कसं येतं?

उत्तर : फार चांगला प्रश्न. पारशी समाज भारतात आला तो ३६५ दिवसांची जुनी गणना घेऊन. मलिकशहाची सुधारणा त्यांच्या धार्मिक गणनेला लागू नव्हती. त्यामुळे त्यांचं वर्ष सरकत सरकत आज ऑगस्टच्या मध्यावर आलं आहे. ही शहेनशाही गणना. अठराव्या शतकात किरमानहून सुरतेला आलेल्या जामास्प या धर्मगुरूंच्या लक्षात आलं, की इराणमधल्या जरथुश्त्रींच्या आणि इथल्या तारखांत बरोबर एक महिन्याचा फरक आहे. इथे पूर्वी कधीतरी एक जादा महिना धरला गेला होता, तिकडे नाही. १७४५ मध्ये सुरतेत काहींनी इराणची गणना स्वीकारली, ते कदमी. त्यांचं वर्ष जुलैत सुरू होतं. पुढे १९०६ मध्ये खरशेदजी कामांच्या पुढाकाराने मुंबईत फसली मंडळ निघालं, त्यांचा नवरोज २१ मार्चला.

वाद नुसत्या तारखेचा नव्हता. वर्षाच्या शेवटच्या दिवसांत, मुक्तादमध्ये, गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करतात. महिनाच चुकीचा असेल तर आपल्या आईवडिलांसाठीची प्रार्थना भलत्याच दिवशी होते. म्हणून लोक इतके हातघाईवर आले. आणि जाता जाता, पतेती हा वर्षाचा शेवटचा दिवस, पश्चात्तापाचा. शुभेच्छा द्यायच्या त्या दुसऱ्या दिवशी, नवरोजच्या.

प्रश्न : संपात रात्री तीनला झाला तर लोक काय करतात?

उत्तर : जागतात. त्या क्षणाला ‘तहवील-ए-साल’ म्हणतात, वर्षाचं संक्रमण. घरचे सगळे हफ्त-सीनच्या मांडणीभोवती बसतात आणि त्या सेकंदाला एकमेकांना शुभेच्छा देतात. दिवस दुपारी बाराच्या नियमाने ठरतो, पण सण त्या क्षणाचा असतो.

प्रश्न : इराणी कॅलेंडर जगात सर्वांत अचूक आहे, असं म्हणता येईल का?

उत्तर : कशाच्या तुलनेत ते आधी ठरवावं लागेल. ग्रेगोरियन वर्ष ३६५.२४२५ दिवसांचं आहे. वसंतसंपातापासून त्याचा एक दिवस चुकायला आजच्या वेगाने सुमारे आठ हजार वर्षं लागतील. तेही वाईट नाही. इराणी कॅलेंडर संपातापासून ढळूच शकत नाही, कारण ते संपातच बघतं. पण त्याची किंमत आहे. पाचशे वर्षांनंतरचं एखादं वर्ष लीप असेल का, हे नुसत्या भागाकाराने सांगता येत नाही. संपात बाराच्या अगदी जवळ येत असेल तर पृथ्वीच्या फिरण्यातला किरकोळ बदलसुद्धा निकाल फिरवेल. शिवाय ‘दुपारचे बारा’ कुठले, हे माणसानेच ठरवलं आहे. ५२.५ अंश पूर्व रेखांशावरचे, म्हणजे इराणच्या प्रमाणवेळेचे. ती रेष आपल्या ८२.५ वर असती तर २०२९ चा संपात दुपारी दीडच्या सुमाराचा ठरला असता आणि नवरोज एक दिवस पुढे गेला असता. सूर्य क्षण देतो. तारीख शेवटी माणूसच लावतो.